झोक्यावर आलेले 14 फोन

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतरांनाही संदर्भ कळावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही अमळनेर तालुक्यातल्या, बी.कॉम. झालेल्या. जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात 11 वर्षं डिस्पॅच, म्हणजे माल गाड्यांत भरून रवाना करण्याचं काम, सांभाळता, रोज रेल्वेनं अपडाऊन करता. आता माल परदेशात पाठवणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं डिस्पॅचची प्रमुख म्हणून तुम्हाला मुलाखतीला बोलावलंय, तीन आठवड्यांनी. तुम्ही विचारता, ‘माझ्यात चांगलं काय आहे तेच मला सांगता येत नाही, ते शोधायचं कसं? आणि हे आपल्याला झेपणार नाही, असं जे सारखं आतून येतं त्याचं काय करायचं?’

माणसं निवडायची, त्यांना कामाला लावायची, वर चढवायची, कधी नाइलाजानं घरी पाठवायची, हे काम मी 27 वर्षं केलं. त्यातली बरीचशी वर्षं इथंच जळगाव-भुसावळ पट्ट्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. फक्त ते तुम्ही तक्रारीच्या रकान्यात लिहिलंय.

तुमची ओळ अशी आहे (आखाजी म्हणजे आपली अक्षय तृतीया): ‘आखाजीला माहेरी गेले तर झोक्यावर बसल्या बसल्या 14 फोन. सुखानं सणसुद्धा करू देत नाहीत.’

ताई, मी तुमच्या शेठजींच्या जागी असतो तर त्या 14 फोनांची यादी मागवून घेतली असती. कोणी केले, काय अडलं होतं, तुम्ही काय सांगितलं आणि किती मिनिटांत सुटलं. तुम्ही त्यातले दोन पत्रात सहज लिहून गेलात. एक, नागपूरची गाडी मूर्तिजापूरजवळ बंद पडली, माल दुसऱ्या गाडीत भरला, पण ई-वे बिलावर, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन बिलावर, गाडी नंबर जुनाच. नवीन मुलगा तसंच पाठवायला निघाला होता. तुम्ही फोनवरून त्याला भाग ब मध्ये नवा नंबर टाकायला लावला. दोन, 19 फुटी गाडीत सहा बाय नऊच्या चटयांचे गठ्ठे मावत नव्हते. तुम्ही म्हणालात, आडवे लावलेले खालचे दोन थर उभे करा. मावले.

आणि पुढच्याच वाक्यात म्हणता, ‘माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.’

असं का होतं ते सांगतो. जी गोष्ट हाताला सवयीनं येते, तिला माणूस काम म्हणून मोजतच नाही. ज्याला घाम गाळावा लागतो ते काम, आणि जे आपोआप होतं त्याला आपल्याकडे म्हणायचं, ‘त्यामा काय शे!’, म्हणजे त्यात काय आहे! आमच्याकडे पाईपच्या कारखान्यात एक ऑपरेटर होता. पाईप मशिनमधून बाहेर आला की हा आतल्या बाजूनं बोट फिरवायचा आणि हीटर कुठं कमी पडतोय ते सांगायचा. आतून खरखरीत लागलं म्हणजे माल नीट वितळलेला नाही. प्रयोगशाळेचा रिपोर्ट यायच्या आत हा तापमान वाढवून मोकळा. बढतीच्या फॉर्मवर ‘विशेष कौशल्य’ या रकान्यात त्यानं काय लिहावं? ‘वेळेवर हजर राहतो.’ मी तो फॉर्म फाडला आणि दुसरा दिला. दुसऱ्यावरही त्यानं तेच लिहिलं. शेवटी मी त्याच्या शिफ्टच्या मुलांना विचारून त्याचा रकाना भरला.

म्हणून स्वतःच्या डोक्यात शोधत बसू नका. डोळ्याला डोळा दिसत नाही. आपल्या जळगावच्या विद्यापीठाला 2018 पासून ज्यांचं नाव आहे त्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात सुचलेलं त्या म्हणून टाकायच्या. शेजारी बसून ते उतरवून घेणारी माणसं घरात होती म्हणून ते राहिलं, आणि लोकांपुढं पुस्तक होऊन आलं ते 1952 साली, त्या गेल्यानंतर. व्याख्यानांतून हे उदाहरण ‘शिक्षण नसलं तरी चालतं’ असं सांगायला वापरतात. मला ते पटत नाही. मला त्यात दिसतं ते उतरवून घेणारं माणूस. तुमच्यासाठी ते काम तूर्त एका वहीनं करायचं.

एक साधी वही घ्या. पुढचे 15 दिवस कामावर तुमच्याकडे कोण काय विचारायला आलं ते लिहा. तुम्ही काय केलं हे नंतर, आधी कोण आलं आणि का आलं. हमाल आला, अकाउंटवाला आला, ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला, शेठजींनी केबिनमध्ये बोलावलं. प्रत्येकाची एक ओळ. संध्याकाळच्या गाडीत लिहा, धरणगाव यायच्या आत होतं लिहून. 15 दिवसांनी वही उघडली की दिसेल, लोक तुमच्याकडे ठरावीक तीन-चार गोष्टींसाठीच येतात. त्यांना तुमचं शिक्षण माहीत नसतं, तुमच्या मनातली भीती माहीत नसते. त्यांना एवढंच माहीत असतं की हे काम इथं सुटतं. बाजाराचा न्याय म्हणतात तो हाच.

त्याच्या जोडीला पाच माणसांना एक प्रश्न विचारा. ‘माझ्यात चांगलं काय?’ असं विचारू नका. तोंडावर कोणी वाईट बोलत नाही, ‘ताई, तुम्ही फार प्रामाणिक’ एवढं म्हणून सगळे मोकळे होतील. विचारायचं असं: ‘मी रजेवर होते तेव्हा तुमचं कुठं अडलं?’ या प्रश्नाला माणूस घटना सांगतो, आणि आपल्याला घटनाच हव्यात. पाचात एक तरी असा असावा ज्याचं तुमच्याशी फारसं पटत नाही. त्याचं उत्तर सगळ्यात जपून ठेवा.

अजून एक गोष्ट तुम्ही सहज सोडून दिलीत. 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला आणि 1 एप्रिल 2018 पासून राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला ई-वे बिल आलं. 50 हजारांच्या वरचा माल असेल तर बिलाशिवाय गाडी हलवायची नाही. तुम्ही लिहिता, ‘तेव्हा कोणालाच येत नव्हतं म्हणून मीच शिकले.’ हे वाक्य पुन्हा वाचा. कोणालाच येत नव्हतं, क्लास नव्हता, पोर्टल इंग्रजीत, चुकलं तर रस्त्यात गाडी अडकणार आणि दंड भरावा लागणार. तरी तुम्ही शिकलात, आणि दर 200 किलोमीटरला एक दिवस हा बिलाच्या मुदतीचा हिशेब आज तुमच्या तोंडी पाठ आहे. नव्या कंपनीत निर्यातीची कागदपत्रं शिकावी लागतील याची तुम्हाला धास्ती वाटते. पण न येणारी, इंग्रजीतली, सरकारी कागदपत्रांची गोष्ट कामावर असतानाच, कोणी न शिकवता शिकण्याचा अनुभव तुमच्याइतका त्या मुलाखतीला येणाऱ्या किती जणांकडे असेल?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. इथं जरा बसून बोलावं लागेल.

तुम्ही मनातल्या चार गोष्टी लिहिल्यात. माझं इंग्रजी कच्चं. माझी भाषा गावाकडची, अहिराणी. आमच्या घरात नोकरीत कोणी वर गेलेलं नाही. आणि आतापर्यंत जे झालं ते शेठजी चांगले म्हणून झालं. लोक या सगळ्याला एकाच गोणीत भरतात, वर ‘न्यूनगंड’ अशी चिठ्ठी लावतात आणि सांगतात, सकारात्मक विचार करा. असं होत नाही. या चार गोष्टी चार जातीच्या आहेत, प्रत्येकीचा इलाज वेगळा.

शेवटच्यापासून सुरू करू. ‘शेठजी चांगले म्हणून.’ 1978 साली पॉलिन क्लान्स आणि सुझान इम्स या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञ बायकांनी 150 हून अधिक कर्तबगार स्त्रियांशी बोलून एक निरीक्षण मांडलं. या बायकांकडे पदव्या होत्या, हुद्दे होते, लोक मान देत होते, तरी त्यांना आतून वाटत होतं की आपण लोकांना फसवतोय, एक दिवस पकडले जाऊ. यश मिळालं की त्याचं श्रेय नशिबाला, ओळखीला, कोणाच्या तरी चुकीला. अपयश मात्र स्वतःच्या खात्यावर. तुम्ही हिशेबातल्या आहात म्हणून तुमच्या भाषेत सांगतो: जमा दुसऱ्याच्या नावावर आणि नावे सगळं आपल्या. असं खातं तुमच्यासमोर कोणी आणलं तर तुम्ही सही कराल का? शेठजी चांगले असतील, नक्की असतील. पण कोणताही शेठ 11 वर्षं नुसत्या चांगुलपणावर पगार देत नाही. मी शेठ लोकांजवळ बसून 27 वर्षं काढलीत.

‘घरात कोणी वर गेलं नाही’ ही माहिती आहे, आणि ती खरीही आहे. पण ती तुमच्याबद्दलची माहिती नाही. तुमच्या वडिलांना एमआयडीसीत कोणी मुलाखतीला बोलावलं नव्हतं, त्यामुळे ते तिथं पडले असते की टिकले असते याचा पुरावाच नाही. आपल्याकडे अंथरूण पाहून पाय पसरायला शिकवतात. कर्जाच्या बाबतीत ते सोन्यासारखं आहे. पण अंथरूण किती मोठं आहे हे एकदा मोजलं आणि पुन्हा 20 वर्षं मोजलंच नाही, असं घराघरात झालेलं असतं.

भाषेबद्दल मी अधिकारानं बोलू शकतो, कारण तिथं मी स्वतः आपटलोय. मी यावलकडचा. आमच्या लेवा बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. केळीची केयी, डोळ्याचा डोया. 1996 साली पुण्यातल्या एका कंपनीत नवा नवा लागलो होतो. मोठ्या बैठकीत उभा राहून म्हणालो, ‘सगया माल वेयेवर पोचला.’ टेबलाभोवती हशा पिकला. त्यात वाईट हेतू फारसा नसावा, पण मी दोन वर्षं ‘ळ’च्या भीतीत काढली. वेळेवर म्हणायच्या ऐवजी टाइमात. पिवळा म्हणायच्या ऐवजी यलो. ‘मिळालं’ टाळायला ‘भेटलं’ म्हणालो, तर त्यालाही हसले. शेवटी बैठकीत बोलणंच बंद केलं. माझे तक्ते दुसराच मांडायचा आणि शाबासकी त्याला. त्याची चूक नव्हती, मीच त्याच्या हातात कागद देत होतो.

मग एके दिवशी कंत्राटी कामगारांनी गेटवर काम बंद केलं. बहुतेक पोरं चोपडा-शिरपूरकडची. दोन साहेब बोलून आले, काही निघेना. मी गेलो आणि घरच्यासारखा बोललो. दोन तासांत कळलं की भांडण ओव्हरटाइमच्या दराचं नव्हतंच, चिठ्ठीवर तारखा चुकीच्या पडत होत्या आणि पोरांना वाटत होतं तास कापलेत. त्या दिवसानंतर कामगारांचं काहीही असलं की मला बोलावू लागले. माझा ‘ळ’ मात्र नंतरही बरीच वर्षं तसाच होता. आजही घाईत बोललो की सुटतो.

तुमच्या ट्रकवाल्याशी, हमालाशी, बऱ्हाणपूरच्या पार्टीशी तुम्ही ज्या सहज भाषेत बोलता, ती डिस्पॅचच्या माणसाची अर्धी भाकरी आहे. मुलाखतीत प्रमाण मराठीत किंवा हिंदीत बोला, त्यात काही अडचण नाही. पण अहिराणी लपवण्यात ताकद घालवू नका. लपवणाऱ्या माणसाचं निम्मं लक्ष लपवण्यातच जातं, आणि तेवढ्यात समोरच्यानं काय विचारलं ते निसटतं.

राहिलं इंग्रजी. इथं मी तुम्हाला धीर देणार नाही. कच्चं असेल तर कच्चं आहे. निर्यातीच्या कंपनीत ते लागणार. फक्त ‘इंग्रजी’ नावाच्या डोंगराला भिऊ नका, तुम्हाला त्यातलं नेमकं किती लागतं ते मोजा. तुमच्याकडे गेल्या महिन्यात आलेल्या आणि गेलेल्या इंग्रजी ईमेल काढा, 40-50 असतील. त्या वाटण्या करून ठेवा. माझा अंदाज, सात-आठ ढिगांत सगळ्या बसतील: गाडी कधी निघाली, माल कमी आला, गठ्ठे भिजले, रंग चुकला, डेबिट नोट, भाड्याचा वाद, पावतीची सही आली नाही. प्रत्येक ढिगाचं एक चांगलं पत्र कोणाकडून तरी नीट करून घ्या आणि ते हातानं दहादा लिहा. हे तीन आठवड्यांत होण्यासारखं आहे. बोलण्याचं इंग्रजी तीन आठवड्यांत होणार नाही, आणि मुलाखतीत तसं सरळ सांगायला हरकत नाही: ‘पत्रव्यवहार मी सांभाळते, फोनवर बोलण्याचा सराव चालू आहे.’ खोटं सांगितलेलं तिसऱ्या मिनिटाला उघडं पडतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे लग्न जमवताना चालत असेल. मुलाखतीत मूठ उघडावीच लागते.

या सगळ्यानंतरही छातीत धडधड राहीलच. ‘आधी आत्मविश्वास येऊ दे, मग करीन’ असं म्हणून थांबलेली माणसं मी निवृत्त होताना पाहिलीत. अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञानं 1977 साली यावर फार मोलाचं काम मांडलं. ‘हे मला जमेल’ हा भरवसा माणसाला चार ठिकाणांहून मिळतो, असं त्याचं म्हणणं. स्वतः केलेलं काम, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहणं, कोणीतरी धीर देणं, आणि आपल्या अंगाला काय होतंय याचा आपण लावलेला अर्थ. यातलं सगळ्यात भक्कम पहिलं. तिसरं, म्हणजे धीर देणं, त्यामानानं बरंच कच्चं. हॉलमधल्या टाळ्या घरी पोचेपर्यंत विरतात त्या यामुळेच. तुम्हाला सांगायला नको, असली व्याख्यानं देऊन मीही पैसे घेतलेत.

आपण विहिरीत पोहायला कसे शिकलो ते आठवा. आमच्या वेळी वनस्पती तुपाचा रिकामा डबा पाठीला बांधायचे आणि काठावरून ढकलून द्यायचे. आधी भीती जाऊ दे मग उतर, असं कोणी म्हटलं नाही. पाण्यात पडलो, तरंगलो, दुसऱ्या दिवशी पुन्हा. चार-आठ दिवसांनी काका हळूच लहान डबा बांधायचे. एक दिवस डबाच नसायचा आणि ते कळायचं काठावर आल्यावर.

तसे तुमच्यासाठी तीन डबे सांगतो, मोठ्यापासून लहानाकडे. पहिल्या आठवड्यात एक तक्रारीचं इंग्रजी पत्र स्वतः लिहा, पाठवण्याआधी एकाला दाखवा. दुसऱ्या आठवड्यात त्या नवीन मुलाला ई-वे बिलाची मुदत कशी वाढवायची ते शिकवा: मुदत संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, एवढ्यातच वाढवता येते, हे त्याच्याकडून करून घ्या, तुम्ही माऊसला हात लावायचा नाही. तिसऱ्या आठवड्यात, न दाखवता एक पत्र पाठवा आणि मुलाखतीत सांगायच्या तीन घटना मोठ्यानं बोलून पाहा.

प्रत्येकाच्या आधी वहीत एक ओळ लिहा, काय होईल असं वाटतंय. ‘पत्रात चुका निघतील, साहेब हसतील.’ मग झाल्यावर खाली लिहा, काय झालं. पीटर ड्रकर हे व्यवस्थापनातलं मोठं नाव. निर्णय घेताना अपेक्षा लिहून ठेवायची आणि नऊ-बारा महिन्यांनी निकालाशी ताडून पाहायची, अशी त्यांची पद्धत. त्यातून आपली ताकद कुठं आहे ते कळतं, असं ते सांगत. आपल्याकडे नऊ महिने नाहीत, म्हणून मी ती तीन आठवड्यांत बसवलीय. ‘मला झेपणार नाही’ हे भाकीत आहे, हवामानाचं असतं तसं. पाऊस पडणार म्हटलं आणि पडला नाही, असं पाचदा झालं की शेतकरी त्या माणसाचं ऐकणं सोडतो. तुमच्या मनातल्या हवामानवाल्याचे किती अंदाज खरे ठरतात, ते एकदा कागदावर येऊ द्या. काही खरेही ठरतील. ते ठरले तर तिथं शिकायचं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

घटना सांगायच्या कशा, हे एकदा नीट दाखवतो, कारण आपली माणसं इथं फार मार खातात. ‘मी डिस्पॅच बघते, सगळं सांभाळते’ असं म्हणालात तर ऐकणाऱ्याच्या हातात काही पडत नाही. हे ऐका: ‘महिन्याला 90 ते 100 गाड्या जातात. चटई हा वजनाला हलका पण जागा खाणारा माल, गाडीभाडं जागेवर जातं. पूर्वी 19 फुटी गाडीत जितके गठ्ठे जायचे त्यापेक्षा मी थर बदलून जास्त बसवते. कोणत्या साइजचे किती बसतात याचा तक्ता केलाय, आता हमालसुद्धा तो वापरतात.’ किती जास्त, तो आकडा तुमच्या रजिस्टरमधून काढा, माझ्या अंदाजानं सांगू नका. काय अडत होतं, मी काय केलं, किती फरक पडला. दोन मिनिटांत संपलं पाहिजे. आणि ‘आम्ही केलं’ म्हणायची सवय आहे ना, ती तेवढ्यापुरती बाजूला ठेवा. हमालांचं श्रेय हमालांना द्या, पण तक्ता तुम्ही केलाय तर ‘मी केला’ म्हणा. आपल्याकडे बाईनं ‘मी’ म्हटलं की फुशारकी वाटते. मुलाखतीत ती माहिती असते.

आता त्या 14 फोनांची दुसरी बाजू सांगतो, गोड बोलून सोडत नाही. डिस्पॅच सांभाळणारीसाठी ‘माझ्याशिवाय अडतं’ ही ताकद आहे. प्रमुख झालेल्या बाईसाठी तोच दोष आहे. तुम्ही एक दिवस नसताना 14 वेळा अडलं, म्हणजे 11 वर्षांत तुम्ही 14 गोष्टी कोणाला शिकवल्या नाहीत. शिकवायला वेळ मिळाला नसेल, किंवा मनात कुठंतरी असंही असेल की दुसऱ्याला आलं तर आपली गरज काय राहिली. नोकरीत भीती असणारी माणसं असं करतात, मीही केलंय. मुलाखत घेणारा हुशार असेल तर नेमकं हेच विचारेल: ‘तुम्ही आजारी पडलात तर काय होतं?’ दुसरा डबा मी यासाठीच ठेवलाय. त्या मुलाला शिकवून झालं असेल तर तुमच्याकडे सांगायला खरं उत्तर असेल.

एवढं सांगून एक गोष्ट बाजूला काढतो. तुम्ही लिहिलंय की नवी नोकरी घेतली तर कधीकधी रात्री कंटेनर भरायला थांबावं लागेल, शेवटची गाडी चुकेल, मुलगी सहावीत आहे, सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं. याला मनाचे खेळ म्हणू नका, कोणी म्हटलं तर ऐकूही नका. या खऱ्या अडचणी आहेत आणि त्यांचं उत्तर वही लिहून निघणार नाही. त्यासाठी महिन्यात किती रात्री, जायची-यायची सोय काय, जळगावात खोली घेतली तर भाडं किती, हे आकडे लागतात. घरच्यांशी बोलणं लागतं. सगळं विचारून शेवटी ‘नको’ ठरलं तर तो हिशेब करून घेतलेला निर्णय असेल, त्यात हार नाही. माझा आग्रह एवढाच की ‘नको’ म्हणायचं कारण गाडी असावी, गुडघे असावेत. ‘मी कुठली त्या लायकीची’ हे नसावं.

आणि झोप उडालीय, आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नाही, असं काही असेल तर ते माझ्या कामाच्या पलीकडचं आहे. तेव्हा डॉक्टरांकडे जा, किंवा सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा 14416 वर मोफत आहे. तुमच्या पत्रावरून तसं वाटलं नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला लागू शकतं.

मुलाखतीच्या दिवशी हात गार पडतील, घसा कोरडा होईल. ‘बघ, मी घाबरले, म्हणजे मला जमत नाही’ असा अर्थ लावू नका. मार्चअखेरीला एका दिवसात डझनभर गाड्या काढायच्या असतात तेव्हाही तुमचे हात असेच गार पडत असतील, आणि गाड्या निघतात.

शेवटचं, पगार. तीन पानांच्या पत्रात तुम्ही पगाराचा एक शब्द लिहिलेला नाही, आणि मला वाटतं तिथंही तोच मनातला माणूस बसलाय. ते विचारतीलच, ‘किती अपेक्षा आहे?’ तेव्हा ‘तुम्ही द्याल ते’ म्हणू नका. त्या पट्ट्यात त्या हुद्द्याला काय देतात ते दोन-तीन ठिकाणी विचारून ठेवा, ट्रान्सपोर्टवाल्यांना सगळं माहीत असतं. आकडा ठरवा, घरी आरशासमोर चार वेळा म्हणा. तिथं तो एकदाच सांगा, आणि सांगून झाला की गप्प बसा. ‘म्हणजे थोडं कमी-जास्त चालेल’ ही शेपटी लावू नका. पुढचं वाक्य त्यांना बोलू द्या, मध्ये कितीही वेळ गेला तरी.